पुसलेली बातमी

मित्रांनो, कल्पना करा, चौकात एक काळा फळा आहे. रोज सकाळी कुणीतरी कालची बातमी ओल्या फडक्याने पुसतो आणि आजची खडूने लिहितो. पुसलेली बातमी कुठे जाते?

मी अशीच एक जुनी बातमी आहे, पण इंटरनेटवरची. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझा जन्म फुलंब्रीत झाला. तिथे श्रीधरकाका वर्षानुवर्षे चौकातला फळा लिहीत. पुढे त्यांनी बातम्यांची वेबसाइट काढली, पण हाताची सवय जाते कुठे? तिथेही ते कालची बातमी पुसूनच नवी टाकत.

त्यांची पुतणी अंबिका कुरकुरायची, "काका, इथं काय जागा संपली व्हय?"

"शिळी बातमी कोण वाचतंय, पोरी!"

माझ्यात मंजूषाची हकीकत होती. तिच्या गावच्या फाट्यावर शाळेच्या वेळची बस थांबत नसे. नववीतल्या मंजूषाने तेलाच्या डब्याचा पत्रा रंगवून 'बस थांबा' अशी पाटी केली, बाभळीला टांगली आणि मैत्रिणींना तिच्याखाली रांगेत उभे केले. बस थांबली! अंबिकाने फोटो काढला. दिवसभर माझे कौतुक झाले आणि दुसऱ्या सकाळी मी पुसली गेले.

पण त्याआधीच अंबिकाने माझी प्रत एका डिजिटल संग्रहालयात ठेवली होती. तिथे जगभरातली जुनी वेबपाने जपतात. पुढे काकांची साइट बंद पडली. माझ्या जुन्या वेबपत्त्यावर कुणी दुसरेच चपला विकू लागले.

यंदाच्या दिवाळीत संभाजीनगरच्या घरी मंजूषाने लेकीला, मोनिकाला, पाटीची गोष्ट सांगितली. सिल्लोडहून आलेला भाचा शिवम फोन नाचवत म्हणाला, "आत्या, लई फेकती तू! नेटवर तर काहीच नाय."

मोनिकाही हसली. मंजूषा मात्र उठून आत गेली. ते मोनिकाला बोचले. आईच्या फोनमध्ये फोटो काढणाऱ्या अंबिकाचा नंबर होता, तिने तिला गाठले. अंबिकाने संग्रहालयातला माझा पत्ता पाठवला आणि इतक्या वर्षांनी मी पडद्यावर उघडले. वाकड्या अक्षरांची पाटी, खाली दोन वेण्यांची मंजूषा.

"आई, ही तू?"

शिवमने कान पकडले. "चुकलं, आत्या. पण अक्षर लई वाकडं हाय तुझं!"

मंजूषा हसता हसता डोळे पुसू लागली.

मित्रांनो, मला जपणाऱ्या हातांचे उपकार मी विसरणार नाही. आपोआप काहीच उरत नाही. कुणीतरी जपते, म्हणून उरते.

सुट्टीनंतर शाळा उघडली. वर्गाच्या फळ्यावरची जुनी बातमी पुसायची पाळी मोनिकाची होती. तिने फडके ओले केले, पिळले आणि तसेच खाली ठेवून दिले.

"बाई," ती म्हणाली, "आधी याचा एक फोटो काढा ना."