बिल्ला नंबर दोनशे सात

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना बिल्ला आहे. आकार रुपयाहून थोडा मोठा, वर दोरीसाठी भोक आणि पोटावर ठोकलेला आकडा, दोनशे सात. सांगलीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये माझ्यावर घाव बसले आणि मी माझ्या शेकडो भावंडांसोबत पोत्यात बसून मिरजेच्या अलीकडच्या एका सूतगिरणीत आलो.

आता सगळीकडे अंगठ्याची मशिनं आली आहेत, पण आमच्या गिरणीत अजून आम्हीच हजेरी लावतो. बाई कामावर आली की आपला बिल्ला खात्यातल्या फळीवर अडकवते. कारकून आप्पासो लटकलेले आकडे बघतात आणि हजेरी मांडतात. चेहरा बघायचा प्रश्नच नाही, कारण रुईचा भुगा नाकात जाऊ नये म्हणून सगळ्या बायका डोळ्यांपर्यंत फडकं बांधतात.

माझी बाई पल्लवी. नऊ वर्षं तिनं मला पदराच्या गाठीत सांभाळलं. दर शनिवारी चिंच लावून घासायची. तिचा हात मोठा चलाख होता, तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडायची. साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, दोनशे सातचा कधी खाडा नाही. तेव्हा मी नुसता फुगून गेलो होतो. आता आठवलं की लाज वाटते.

कारण खाडा का नव्हता, हे मला ठाऊक होतं. चार दिवस खाडा पडला की नंबर दुसरीला जायचा. म्हणून आमच्या बायकांनी आपसातच एक रीत पाडली होती. घरात ताप असो, मयत असो, जिला जमणार नाही तिनं आपला बिल्ला जावेला नाहीतर नणंदेला द्यायचा. ती फडकं बांधून यायची, मशीन सांभाळायची आणि मुकाट घरी जायची. आप्पासोंना हे कळत होतं. ते मान वर करत नसत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

गेल्या वर्षी पल्लवीला दिवस गेले. थोरल्या मुलीच्या, सोनियाच्या, पाठीवर बारा वर्षांनी. आठव्या महिन्यातच तिला कळा आल्या आणि मिरजेच्या दवाखान्यात मुलगा झाला. एवढासा होता बिचारा. वीस दिवस काचेच्या पेटीत होता. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, सहा महिने आईचंच दूध पाहिजे, आईनं जवळून हलायचं नाही.

पण नंबर जाईल त्याचं काय? पल्लवी दवाखान्यात गेली त्याच सकाळी तिच्या थोरल्या जावेनं, रंगुबाईनं, मला आपल्या पदरात बांधलं होतं. अडीच महिने ती बाई माझ्याबरोबर आली. घरचं आवरून यायची, उभ्यानं भाकरी खायची, पण एक दिवस चुकली नाही. आणि मी रोज फळीवर लटकून सांगत राहिलो की पल्लवी हजर आहे.

मग गिरणीत शिवांजली मॅडम आल्या. नव्या अधिकारी, वयानं लहान, पण कळकळीच्या. त्यांनी बायकांना गोळा करून सांगितलं की बाळंतपणाला कायद्यानं सहा महिन्यांची भरपगारी रजा असते, नंबर कुठं जात नाही, फक्त दवाखान्याचा कागद आणा. असा नियम असल्याचं आमच्या बायकांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्याचा कागद ऑफिसातल्या कपाटामागे चिकटवलेला होता, तोही इंग्रजीत.

रंगुबाईनं ते घरी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा आपल्या गाठीत बांधून पल्लवी बाळाला कुशीत घेऊन आली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं! बाळापाशी राहता येणार होतं, नोकरीही राहणार होती. मॅडमनी कागदावरच्या तारखा वाचल्या, हजेरीचं पुस्तक उघडलं आणि एकेका तारखेवरून बोट फिरवलं.

"पल्लवीताई, या सगळ्या तारखांना तुम्ही इथं कामावर आहात."

पल्लवीला खोटं बोलता आलं असतं. कागदावरची तारीख चुकली, असं काहीतरी. ती म्हणाली, "मी दवाखान्यात हुते, मॅडम. माझ्या जागी जाऊबाई येत हुत्या. खाडा पडला तर नंबर जातो, म्हनून."

आप्पासो खाली बघत होते. मॅडम दोनदा साहेबांच्या खोलीत जाऊन आल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. हजर बाईला रजा देता येत नाही आणि खोट्या हजेरीला माफी नाही, असं साहेबांचं उत्तर होतं, म्हणजे नंबर गेलाच. पल्लवीनं गाठ सोडून मला टेबलावर ठेवलं.

"आधी एकदा विचारायचं होतंत," मॅडम हळूच म्हणाल्या.

"कुनाला इचारायचं हुतं?" पल्लवी म्हणाली आणि निघून गेली.

तेव्हापासून मी आप्पासोंच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. माझ्यावर काळपट थर चढला आहे, चढू दे. जे मला बोलता आलं नाही ते तुम्ही बोला. मित्रांनो, तुमची आई, काकू, मावशी कामावर जात असेल तर आज तिला विचारा की तुझ्या हक्काची रजा कोणती, ती तुला कुणी सांगितली का? तिला ठाऊक नसेल तर तिच्याबरोबर जाऊन विचारा. आणि आपली गैरहजेरी झाकायला दुसरीला आपल्या जागी उभं करू नका, अशी हजेरी शेवटी उपयोगी पडत नाही.

पल्लवी आता द्राक्षबागेत रोजानं जाते, रंगुबाईही जाते. दोघी दिवस उगवायच्या आत घराबाहेर पडतात. बाळाला सोनिया सांभाळते, बाटलीनं दूध पाजते. तिच्या वर्गातल्या एका मुलीची आई आमच्या खात्यात आहे, ती आप्पासोंना सांगत होती. शाळेत सातवीच्या वर्गातल्या बाई अजून रोज हजेरीला सोनियाचं नाव पुकारतात. थोडं थांबतात आणि मग पुढचं नाव घेतात.