अंधाऱ्या खोलीचा व्हिडिओ

सल्ले द्यायचे म्हटलं की काकाची तहानभूक हरपायची. त्याचं छपाईचं दुकान रखडत चाललं होतं, पण ‘स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान कसं चालवावं’ या विषयावरचे त्याचे व्हिडिओ मात्र धडाक्यात निघत. “टेबल नेहमी स्वच्छ ठेवा,” असं तो सांगायचा, तेव्हा त्याचं कोपर गुलाबी शाईत बुडालेलं असायचं. “गिऱ्हाइकाशी गोड बोला,” हे सांगताना मध्येच कुणी दुकानात आलं, की खेकसायचा, “थांबा हो, शूटिंग चाललंय!”

त्या दिवशी त्याच्या पुतणीचा, म्हणजे घरच्यांच्या तुफानचा, जीव टांगणीला लागला होता. शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघानं छातीवर मिरवायला चक्क तिनं काढलेला बोका निवडला होता. मिशा फेंदारलेला, एक कान फाटका, नजर तर अशी की समोरच्या गोलकीपरला घाम फुटावा! संध्याकाळी अंतिम सामना. तोवर टी-शर्ट छापून झाले नाहीत, तर संघ जुने कोरे शर्ट घालणार. मग वर्गात मारलेल्या फुशारक्यांचं काय? तोंड दाखवायला जागा उरली नसती.

काकूनं सकाळीच चौकटीवर ताणलेल्या जाळीला इमल्शनचा लेप देऊन ती अंधाऱ्या खोलीत वाळत ठेवली होती. हा लेप उजेड लागला की दगड होतो. म्हणून जाळीवर पारदर्शक कागदावरचं बोक्याचं काळं चित्र ठेवूनच दिवा लावायचा. बोक्याखालचा लेप मऊ राहतो, पाण्यानं धुऊन जातो आणि तिथूनच शाई कापडावर उतरते.

दोघींनी सगळं रीतसर केलं. तुफाननं पाणी फवारलं. पुन्हा फवारलं.

“काकू, मिशी तरी दिसतेय का गं?”

“मिशी कसली, शेपूटसुद्धा नाही. जाळीला आधीच उजेड लागलाय. आत कोण कडमडलं होतं?”

तेवढ्यात काका फोन नाचवत आला. “हा बघा आजचा व्हिडिओ! काय झालाय!”

व्हिडिओतला काका बोट उगारून बजावत होता, “मित्रांनो, अंधाऱ्या खोलीत उजेडाची तिरीपसुद्धा जाऊ देऊ नका!” खोली लख्ख उजळलेली. त्याच्या पाठीमागे तीच जाळी ऐटीत चमकत होती.

“अहो, दिवा कशाला लावलात?” काकू दात आवळून म्हणाली.

“म्हणजे काय? अंधारात मी दिसणार कसा?”

तुफाननं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

“अगं ए, दुकान माझं आहे!”

“म्हणूनच त्याची ही दशा आहे!”

काकूला हसू आवरेना. तिनं नव्या जाळीला लेप दिला, पंखा लावला आणि तुफाननं आतून कडी घातली. या वेळी पाण्याखाली आधी एक मिशी उगवली, मग फाटका कान, मग तो खुन्नस देणारा डोळा. तुफान अशी किंचाळली की काकूच्या हातातली नळी सुटली. दोघी चिंब! पण मग एकेक शर्ट टेबलावर येऊ लागला आणि बोका घेऊन दोरीवर जाऊ लागला.

दारावर काकाची टकटक झाली.

“तुफान, तुमच्या खेळाच्या बाई आल्यात. काय सांगू?”

“सांगा, दुकानात काम चाललंय!”

बाहेर काका अडखळला, “शूटिंग... नाही, काम चाललंय!” असं काही सांगायची त्याला सवयच नव्हती.