बंद केलेलं इंजेक्शन

सदानंदने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्याचं यकृत आकसलं ते काविळीच्या विषाणूनं. तरी किन्हवलीत लोक समजायचं ते समजले. त्याची मुलगी संघरत्ना, आटगावच्या शाळेतली मास्तरीण, सगळ्यांशी भांडून थकली.

मार्चमध्ये ठाण्याच्या डॉक्टरबाईंना यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. आधी त्यांनी दुर्बिणीतून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बांधल्या, मग रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू केलं.

"या आजारात रक्त वाहतंही आणि गोठतंही. मला विचारल्याशिवाय बंद करू नका," असं बजावून त्यांनी तेच कागदावर लिहून खाली आपला नंबर दिला.

संघरत्ना रोज पोटावर टोचायची. मे महिन्यात ती तीन आठवडे ट्रेनिंगला गेली, तेव्हा गावातल्या नर्सला टोचायला सांगून गेली. परत आली तर वडिलांचं पोट फुगलेलं.

"इंजेक्शन घेतलीत ना?"

"शहापूरच्या डॉक्टरांना कागद दाखवला, त्यांनी बंद केलं गो. लिव्हरवाल्याचं रक्त आधीच पातळ, रक्त ओकून मरशील म्हणाले."

"फोनवर तर घेतो म्हणालात."

"तू भांडली असतीस."

तिनं त्याच दिवशी त्याला ठाण्याला नेलं. गुठळी आतड्याच्या शिरेपर्यंत गेली होती. तपासून इंजेक्शन पुन्हा सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी ती शहापूरच्या दवाखान्यात जाऊन बसली.

"हा कागद तुमी वाचला होता?"

"अशा पेशंटला ही औषधं चालत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "त्यात पिणारा माणूस."

"ते पीत नाय. तुमी विचारलंत?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. संघरत्ना उठली नाही. तिनं ठाण्याचा नंबर लावला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "मला नका सांगू. त्यांना सांगा."

डॉक्टर पाच मिनिटं ऐकत राहिले. दोनदा "बरं" म्हणाले. फोन परत देताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"इंजेक्शन तुमी बंद केलं, असं लिहून द्या. पुढच्या डॉक्टरला कळायला हवं."

त्यांनी लिहून दिलं. माफी मागितली नाही.

ऑगस्टमध्ये मोठी शीर बरीच मोकळी झाली. आतड्याकडची मात्र बंदच राहिली. ती आता उघडणार नाही, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं.

बाहेर आल्यावर सदानंद म्हणाला, "जगलो ना? सोड आता राग."

"नाय सोडणार. तुमच्यावरचा पण नाय," ती म्हणाली आणि त्याचा दंड धरून त्याला घेऊन रस्ता ओलांडायला लागली.