चंदनाच्या नावावरचं विमान

चंदना गेली हे कळलं तेव्हा मी निपाणीतल्या आमच्या वखारीत शिडीवर चढलो होतो. तंबाखू विकून वखार रिकामी झाली की ती चंदनाची असायची. तिच्या विमानाला वाऱ्याची झुळूकही चालत नसे, म्हणून मी पत्र्याच्या फटींवर कागद चिकटवत होतो. तिचा भाऊ जिनेंद्र लहान दारानं आत आला आणि वळून दार हळूच लावून घेतलं. वखारीत दार आपटायचं नाही, ओरडायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद होती. त्या दिवशीही त्यानं ती पाळली.

"दाजी, खाली या."

"काय झालं?"

"आधी खाली या. मग सांगतो."

शाळेत शिकवता शिकवता ती वर्गातच कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

चंदना विज्ञान शिकवायची. बेळगावला कॉलेजात असताना एनसीसीत विमानाची मॉडेलं करायला शिकली, ते तिनं कधी सोडलं नाही. तिचं विमान बंद जागेत उडणारं. त्याला इंजिन नाही, बॅटरी नाही. हलक्या लाकडाची एक काडी, तिच्यावर पंख आणि खाली रबराचा दोरा. दोऱ्याला पीळ द्यायचा, तो उलगडेल तसा पुढचा पंखा फिरतो. सगळ्याचं वजन दोन शेंगदाण्यांएवढं. पंखावरचा कागद इतका पातळ की श्वास लागला तरी हलतो. जास्तीत जास्त वेळ हवेत राहील ते विमान जिंकतं.

पीळ मी द्यायचो, दोरा विमानाला ती अडकवायची. पूर्ण पिळाचा दोरा अडकवला की काडी वाकते. ती कुठवर वाकू द्यायची, हे तिच्या बोटांना कळायचं. मला नाही.

युरोपातल्या जागतिक स्पर्धेत तिची निवड झाली होती. त्यासाठी तिनं नवं विमान केलं होतं. वखारीत ते दोनदा अर्ध्या पिळावर उडवून बघितलं, तेवढंच. दिवसकार्य झाल्यावर आमच्या मुलीनं, श्रद्धानं, संयोजकांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, तिच्या नावावर दुसऱ्या कुणी उडवलं तरी चालेल.

"आप्पा, तुम्हीच जायचं. मी येतो संगं," श्रद्धा म्हणाली. आमच्याकडं मुलीही येतो-जातो असंच बोलतात.

मला जायचं नव्हतं. तिच्या हातचं तेवढं एकच धड विमान घरात होतं.

शेवटी जिनेंद्रच्या गाडीतून निघालो. विमानाची पेटी मागच्या सीटवर, श्रद्धानं दोन्ही हातांनी धरलेली. सीमेवर, कोगनोळीच्या नाक्यावर निवडणुकीची तपासणी चालू होती. महादेव नावाचा पोलीस खिडकीशी आला.

"खोक्यात काय हाय?"

"विमान," मी म्हणालो.

"कुठं निघालाय?"

"मुंबईला. तिथनं परदेशात."

"म्हंजे विमानात बसून विमान न्यायलाय व्हय?" त्यानं पेटी उचलून बघितली. "वजनच न्हाय की ओ! ओपन माडी, उघडा."

रस्त्यावरून ट्रक जात होते. एकेका ट्रकबरोबर गाडी हलत होती. इथं झाकण उघडलं असतं तर पंख उरले नसते. मी त्याला कानडीत हात जोडून सांगितलं, आत खोलीत चला, पण उघड्यावर नको. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला आणि मग पत्र्याच्या खोलीत घेऊन गेला. श्रद्धानं त्याला पंखा बंद करायला लावला, दार लावायला लावलं आणि तोंडावर रुमाल धरायला लावला. पोलिसाला हुकूम सोडताना ती अगदी आईसारखी दिसली.

मी झाकण उघडलं. महादेवानं वाकून बघितलं. रुमालातून त्याचा श्वास गेला असावा. विमानाचा पंखा आपोआप अर्धा फिरला.

"जित्तं हाय की ओ हे," तो मागं सरला. "झाका, झाका. जावा बेगी."

गाडीत बसल्यावर श्रद्धा म्हणाली, "आप्पा, रांगेत हुतो तवा तुम्ही सारखं मागं वळायच्या रस्त्याकडं बघत हुता."

जिनेंद्रनं गाडी पुढं काढली.

स्पर्धा जमिनीखाली, मिठाच्या जुन्या खाणीत होती. लिफ्टनं खाली गेलो. भिंती पांढऱ्या, छत उंच, वारा अजिबात नाही. माणसं हळू चालत होती, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मला वखार आठवली. फळ्यावर चंदनाचं नाव होतं.

प्रत्येकाला सहा उड्डाणं होती. पहिल्या वेळी मी पूर्ण पीळ दिला. श्रद्धानं विमान धरलं. अडकवायच्या आधी मी निम्मा पीळ परत सोडला.

"किती सोडलं?"

"थोडं."

"आई एवढं न्हवती सोडत."

विमान छताच्या अर्ध्यावर गेलं, गोल गोल फिरलं आणि अलगद खाली आलं. वेळ फारच कमी. मला मात्र ते धड परत आलं एवढंच दिसत होतं. पुढच्या चार वेळाही मी तसंच केलं. श्रद्धा दर वेळी बघायची. आमचं नाव तळाला गेलं.

शेवटच्या उड्डाणाला ती म्हणाली, "आता न्हाय सोडायचं, आप्पा. मोडलं तर मोडू दे. तिनं ते कपाटात ठेवायला केलेलं न्हाय."

मी मान हलवली. पूर्ण पीळ दिला. एक टोक मागच्या आकड्यात घातलं, मग पुढचं घातलं. काडी वाकू लागली. आणखी वाकली. घड्याळ धरलेल्या पंचानं माझ्याकडं बघून मान हलवली, विमान सोडा म्हणून. श्रद्धानं श्वास धरला होता. तेवढ्यात काडीत बारीक कट असा आवाज आला.

मी दोरा काढून घेतला. तो माझ्या बोटांत सरसर उलगडला.

"मोडली?" श्रद्धानं विचारलं.

मी काडीवरून नख फिरवून बघितलं. मोडली नव्हती. कुठं तडाही नव्हता.

"मग लावा परत! वेळ हाय अजून."

मी दोऱ्याला परत पीळ दिला, पण विमानाचा आकडा मला सापडेना. हात इतके कापत होते की श्रद्धानंच विमान माझ्यापासून लांब नेलं. पंच घड्याळाकडं बघत उभा होता. वेळ संपल्यावर त्यानं कागदावर रेघ मारली.

परत येताना विमानतळावर ती माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. मुंबईत उतरल्यावर म्हणाली, "पेटी मी धरतो. तुम्ही पाणी प्या."

विमान धड आहे. पूर्ण पिळावर ते अजून एकदाही उडालेलं नाही.