काचेसमोरची गल्ली

अवंतिका मूळची नागपूरची. ऊन म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. टोरंटोतल्या तिच्या फर्मला आखातातल्या एका वाळवंटी शहराच्या मोठ्या लायब्ररीचं काम मिळालं, तेव्हा पार्टनर शंतनुने ते तिच्याच हाती दिलं. दोघं कॉलेजपासूनचे मित्र. "उन्हाळा भोगलेलं माणूस ऑफिसात तूच एक," तो म्हणाला.

ती ऐन जूनमध्ये साइट पाहायला गेली. जागेसमोर जुन्या वस्तीतली एक गल्ली होती, मातीच्या जाड भिंतींची आणि इतकी अरुंद की भर दुपारीही सावलीतून चालता यावं. शिवणकाम करणाऱ्या युसुफभाईंनी तिला दारात स्टूल दिलं. "बैठो बेटी. यहाँ पंखे से काम चल जाता है," ते म्हणाले. तिथे बसूनच तिने पहिलं स्केच काढलं. जाड भिंती, आत वळत जाणारे सावलीचे रस्ते, मधोमध उघडा चौक.

क्लायंटला भेटून शंतनु परतला तो खुशीत.

"त्यांना हायवेवरून दिसेल असं काहीतरी हवंय. बिल्डिंगमध्ये शहर दिसायला हवं म्हणतात. मी मिरर ग्लास सुचवली. जाम आवडली त्यांना."

"अरे, इमारतीची गल्लीकडची बाजू आत बाकदार आहे. सगळं ऊन गोळा करून ती त्या गल्लीत ओतेल."

"ते नंतर बघू. आधी काम तर हातात राहू दे."

नोकरी सोडावी असं तिच्या मनात आलं आणि गेलं. दुसऱ्या कोणी नकाशे केले असते तर याहून वाईट झाले असते, अशी स्वतःची समजूत घालून तिने त्या काचेच्या दर्शनी भागाचे नकाशे केले.

लायब्ररीच्या उद्घाटनाला भाषणं सुरू असताना ती उठून गल्लीत गेली. खिडक्यांवर जाड घोंगड्या टांगलेल्या, दारांचा रंग फोड येऊन सोललेला. युसुफभाई भरदिवसा दिवा लावून मशीनवर बसले होते. त्यांनी तिला ओळखलं.

"वो काँच तुमने लगाया, बेटी?"

"हाँ," ती म्हणाली.

त्यांनी उठून तिला पाणी दिलं. मग ते पुन्हा मशीनवर जाऊन बसले.

परत आल्यावर तिने गल्लीतल्या उष्णतेचा सगळा हिशोब मांडला, काचेवर बाहेरून जाळी बसवायचा उपाय सुचवला आणि शंतनु नको म्हणत असताना तो रिपोर्ट थेट क्लायंटला पाठवला. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

काही आठवड्यांनी शंतनुने तिला केबिनमध्ये बोलावलं. तो चिडलेला नव्हता.

"तुझा रिपोर्ट त्यांनी मनावर घेतला."

"जाळी बसवताहेत?"

"नाही. ती गल्ली राहण्यालायक नाही, हे तुझ्याच आकड्यांवरून ठरवलं त्यांनी. पाडली. पार्किंग होतंय तिथे."

"आणि माणसं?"

"ते मला कसं माहीत असणार?" त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "म्युझियम आलंय. पुन्हा वाळवंटच. तूच करशील ना?"

"त्या लायब्ररीवरून माझं नाव काढ, शंतनु."

"पाटीवर फर्मचं नाव आहे, अवंतिका. तुझं कधी नव्हतंच."

महिनाअखेरीस तिने फर्म सोडली. आता ती रोज टोरंटोच्या एटोबिको भागातून तासाभरावरच्या केंब्रिज गावी जाते आणि तिथल्या एका छोट्या ऑफिसात गोदामांचे नकाशे काढते. गोदामांना खिडक्या नसतात.