बक हॅलोरनच्या बदल्यात

टोलीडोच्या चर्चमागच्या हॉलमध्ये दर महिन्याला बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूचा फोटो आणि संघ छापलेल्या पुठ्ठ्यांचा, बाजार भरतो. तीस वर्षं माझं टेबल तिथे आहे. हल्लीचे लोक कार्ड प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून घेतात आणि कार्ड किती कोरं आहे त्याचे वर छापलेले गुण वाचतात. खेळाडूचं तोंड बघायला कुणाला फुरसत नाही. मुडदे!

त्या शनिवारी वांडा आली. सत्तरीची बाई.

"एकसष्ट सालचा बक हॅलोरन हवाय. शाईचा ठिपकासुद्धा नको."

"हॅलोरन? त्याला त्याच्या आईनं तरी मागितलं असेल का?"

"माझ्या भावाला द्यायचाय. कॅझला. तुझ्याकडे येतो ना तो?"

येतो की! कार्डांचा खोका छातीशी धरून येतो.

सात वर्षांची असताना वांडानं रेडिओवर ऐकलं, हॅलोरन डेट्रॉइटचा संघ सोडून क्लीव्हलँडच्या संघात गेला. भावाचं कार्ड चुकीचं राहू नये म्हणून तिनं त्यावर छापलेल्या डेट्रॉइटवर काट मारली आणि पेनानं क्लीव्हलँड लिहिलं. मग हुरूप येऊन आणखी दहा जणांच्या बदल्या केल्या. त्या दिवसापासून कॅझनं तिला खोक्याला बोट लावू दिलं नव्हतं. नाताळला दोघं शेजारी बसून जेवतात. खोका मात्र कपाटात, कुलपात.

रद्दी कार्डांच्या ढिगात मला हॅलोरन सापडला, तेवढ्यात कॅझ आलाच. वांडानं कार्ड त्याच्यापुढे सरकवलं.

"घे. कोरं आहे."

"फुकट?"

"फुकट."

"मी फुकट घेत नाही. कार्डाला कार्ड द्यावं लागतं."

माझं डोकंच फिरलं. "अरे गाढवा, साठ वर्षं झाली! घे की मुकाट्यानं!"

"तू मध्ये पडू नकोस."

वांडाचा चेहरा पडला. तिनं कार्ड उचललं, परत ठेवायला पर्स उघडली.

कॅझनं खोका टेबलावर ठेवला. झाकण काढलं. "बदल्यात काय हवं ते बघ. एकच."

वांडानं दोन्ही हात कोटाला पुसले. एकेक कार्ड अंगठ्यानं मागे सारत गेली.

"तीन घेईन."

"हॅलोरनचे तीन? दरोडा घालतेस?"

"नको तर राहू दे."

"दोन."

"तीन. आणि मी निवडणार."

"लहानपणापासून अशीच आहेस, डांबरट!" म्हणत त्यानं माझी खुर्ची ओढून तिच्यामागे सरकवली. "बस. आणि कोपऱ्याला धरू नकोस, कडेनं धर."

दुपारपर्यंत मी उभाच. तिसऱ्या कार्डावर दोघांचं अडलं होतं.