‘आहे तेवढं पुरेसं आहे’

मी एक कागद. छापील, चौकटीत बसवलेला, म्हणून लोक मला चित्र म्हणतात. माझ्यावर एक काळी रेघ आहे आणि खाली चार शब्द: ‘आहे तेवढं पुरेसं आहे.’ छापखान्यातून माझ्यासोबत दोनशे भाऊ निघाले, सगळे असेच शहाणे.

दुकानात एक आजोबा मला बघून म्हणाले, “शाई संपली होती वाटतं!” मला राग आला, पण दाखवणार कसा?

मग ती आली. शिवणकाम करणारी, सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान तसंच राहिलेलं. तिने माझे शब्द तीनदा वाचले, मला काखोटीला मारलं आणि थेट घरी आणलं.

मला का आणलं, ते तिच्या फोनवरून कळलं. “ताई, मला आता नाही गं सोसवत. पण त्याला सांगू कशी?”

या घरात नवरा-बायको एकमेकांना जपतात, फक्त अवघड गोष्ट तोंडाने बोलत नाहीत. चिठ्ठी लिहून फ्रिजला लावतात. मूल व्हावं म्हणून केलेले उपचार तीनदा फसले होते. चौथ्यांदा उद्या सकाळी दवाखान्यात जायचं होतं, आणि तिला जायचं नव्हतं. चिठ्ठी लिहायला तिचा हात धजेना, म्हणून भिंतीवर मी.

नवरा सुतार. आल्या आल्या म्हणाला, “डावीकडे उतरलंय.” मला सरळ केलं, दोन पावलं मागे सरला, “छान आहे,” म्हणाला आणि जेवायला बसला. वाचलंच नाही! ती ताटात नुसती बोटं फिरवत होती. माझा जीव टांगणीला लागला. वाच रे बाबा, वाच.

“उद्या लवकर निघू हं,” तो म्हणाला.

“भिंतीकडे बघ ना जरा.”

त्याने पाहिलं. ओठ हलले. पाण्याचा पेला हातातच राहिला.

“हे कोण म्हणतंय? तू?”

मला वाटलं, आता ही माझ्याकडे बोट दाखवेल आणि सुटेल.

“मी म्हणतेय,” ती म्हणाली. “मी उद्या येणार नाही.”

“आणि मला नसेल पुरत तर?”

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझ्या दोनशे भावांपैकी एकावरही याचं उत्तर छापलेलं नाही. मला फार लाज वाटली.

तिनेच उठून मला खिळ्यावरून काढलं आणि तोंड भिंतीकडे करून खाली ठेवलं. आता मला दिसत काही नाही, ऐकू मात्र येतं. तो ओरडतोय, तीही ओरडतेय, मध्येच दोघं रडतात आणि पुन्हा बोलायला लागतात.

मला उचलायला कुणी येणार असाल, तर हात जोडून सांगतो, एवढ्यात टांगू नका. त्यांचं बोलणं चाललंय.